तोंडाने घ्यायचे रेचक: कोणते, किती आणि किती दिवस?

सुदामानगरकर

आमच्या सासूबाईंचे वय ७२ आहे. रात्री चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, असे त्या कित्येक वर्षे सांगत आल्या आहेत, आणि ही वस्तुस्थिती आहे की नुसती समजूत, हे आता घरात कोणालाच ठरवता येत नाही. मनगटाचे हाड मोडल्यापासून त्यांना कॅल्शियमची गोळी सुरू झाली, रक्तदाबाची गोळी पूर्वीपासून आहेच. त्यानंतर चूर्णाचा एक चमचा पुरेनासा झाला आणि मात्रा दीड, मग दोन चमचे अशी वाढत गेली. दवा बाजारात चौकशी केली तेव्हा एकाने पांढरे पातळ औषध पुढे केले, दुसऱ्याने छोटी पिवळी गोळी, तिसऱ्याने इसबगोल, आणि आपण देतो तेच सर्वांत निर्धोक, असे तिघांनीही छातीठोकपणे सांगितले.

तोंडाने घ्यायच्या या औषधांत नेमका फरक काय, या वयात त्यातले कोणते चालते, आणि रोज घेतल्यास आतड्याला खरोखर सवय लागते का? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणारच आहोत, परंतु तेथे काय विचारायचे हे आधी ठाऊक असलेले बरे, म्हणून हा धागा.

पोहेप्रेमी

इंदुरात राहून कोठा हलका ठेवायचा म्हणजे सकाळचे पोहे-जिलबी, प्रत्येक भाजीवरची शेव, हिवाळ्यातले सराफ्यातले गराडू आणि रविवारचे दाल-बाफले, या सर्वांवर पाणी सोडावे लागेल. त्यापेक्षा चूर्ण परवडले, असे सासूबाईंना वाटत असेल तर त्यांचे काही चुकत नाही.

रामबागेतले आजोबा

आमच्या घरी तीन पिढ्या सत इसबगोल चालते. सियागंजातून सुटे आणतो. ते आपल्या नीमच-मंदसौरच्या बाजूलाच पिकते, त्यामुळे ताजे मिळते. रात्री दोन चमचे कोमट दुधातून घ्यावे आणि निश्चिंत झोपावे. त्याने कधी कोणाचे बिघडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

निवृत्त औषधविक्रेता

आजोबा, इसबगोल उत्तम आहे याबद्दल दुमत नाही, परंतु “घ्यावे आणि झोपावे” या वाक्याला मी हात जोडून हरकत घेतो. इसबगोलाची भुसी म्हणजे बियांवरचे टरफल. ते पाणी शोषून अनेक पटींनी फुगते, आणि त्या फुगण्यानेच मळ मऊ व भरीव होतो. पुरेसे पाणी मिळाले नाही तर तीच भुसी घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. म्हणून ती मोठा पेलाभर, साधारण २४० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, वर आणखी थोडे पाणी घ्यावे आणि लागलीच आडवे होऊ नये. कोरडी भुसी तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिण्याची अनेकांची पद्धत तर निश्चितच धोक्याची आहे. ज्यांना गिळायला त्रास होतो, जे अंथरुणाला खिळलेले आहेत, किंवा ज्यांना हृदयाच्या अथवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करू नये.

आता सुदामानगरकर ताईंच्या प्रश्नाकडे वळतो. तिन्ही दुकानदारांनी जे दाखवले ते तीन वेगवेगळ्या जातींचे औषध होते, आणि त्यांची कामाची वेळ सारखी नसते. इसबगोलाचा परिणाम दिसायला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. लॅक्ट्युलोजचे गोड पातळ औषध आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आतड्यात पाणी धरून ठेवतात. पहिल्याला एक ते दोन दिवस लागतात, दुसऱ्याला एक ते तीन. मिल्क ऑफ मॅग्नेशिया (ते पांढरे पातळ औषध बहुधा हेच) मात्र अर्ध्या तासापासून सहा तासांत केव्हाही परिणाम दाखवते. ती छोटी पिवळी गोळी बहुधा बिसाकोडिलची असावी. ती आतड्याच्या स्नायूंना चालना देते आणि सहा ते बारा तासांत काम करते, म्हणूनच ती रात्री घेतात. तिच्यावरचे आवरण जठरात विरघळू नये म्हणून मुद्दाम दिलेले असते, त्यामुळे ती चावू नये, कुटू नये, आणि दूध किंवा आम्लपित्ताचे औषध घेतल्यापासून तासाभराच्या आत घेऊ नये; नाहीतर आवरण आधीच सुटते आणि पोटात कळा येतात.

ही वेळ मी इतकी लांबवून का सांगतो आहे, तर दुकानात बसून सर्वांत जास्त वेळा पाहिलेला घोटाळा याच ठिकाणचा होता. माणूस सोमवारी रात्री इसबगोल घेतो, मंगळवारी सकाळी काही झाले नाही म्हणून पातळ औषध घेतो, रात्री पुन्हा गोळी घेतो, आणि बुधवारी तिन्हींचा परिणाम एकदम होऊन हातपाय गळून बसतो. पुढे दोन दिवस शौचास होत नाही. आतडे पूर्ण रिकामे झाल्यावर ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्याला वाटते की पुन्हा अडले, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. पुष्कळांची “औषधाशिवाय होतच नाही” ही तक्रार या चक्रातून जन्मलेली असते.

हिरडा-बेहडा

औषधविक्रेते काकांचा अनुभव मोठा आहे, परंतु या धाग्यावर सगळी चर्चा रासायनिक औषधांकडे झुकते आहे. चूर्ण वनस्पतींचे असते, ते शरीराला परके नसते. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळकाठी. यात अपाय होण्यासारखे काय आहे? सासूबाईंचे इतक्या वर्षांत चूर्णाने काही बिघडले नाही, मग आता ते बदलण्याचा अट्टहास कशासाठी?

निवृत्त औषधविक्रेता

त्रिफळ्याबद्दल माझी तक्रार नाही, ते सौम्य आहे. परंतु बाजारातल्या “पोट साफ” करणाऱ्या चूर्णाच्या डब्यावरची घटकद्रव्ये कधी भिंगातून वाचून पाहा. त्यात बहुतेक वेळा सोनामुखी असते; तेच सनाय, स्वर्णपत्री किंवा कॅसिया अंगुस्टिफोलिया या नावांनीही लिहिलेले आढळते. सोनामुखी हे अस्सल उत्तेजक रेचक आहे, बिसाकोडिलच्याच कुळातले. सोनामुखीच्या प्रमाणित गोळ्या आधुनिक वैद्यकातही वापरल्या जातात, तेव्हा ती वाईट आहे असे माझे म्हणणेच नाही. मात्र “वनस्पतीचे आहे” म्हणून दोन चमचे आणि “रासायनिक आहे” म्हणून एक गोळी घ्यायलाही भीती, हा हिशेब मला पटत नाही. गोळीवर मात्रा मिलिग्रॅममध्ये छापलेली तरी असते. चमच्याचे माप घरोघरी वेगळे.

आणखी एक गोष्ट सुदामानगरकर ताईंनी अवश्य पाहावी. अनेक चूर्णांत काळे मीठ किंवा सैंधव घातलेले असते. रक्तदाबाच्या रुग्णाचे जेवणातले मीठ आपण कमी करतो, आणि रात्री चमचाभर चूर्णातून तेच परत देतो.

हिरडा-बेहडा

काळ्या मिठाचा मुद्दा मान्य करावा लागेल. आत्ताच घरातला डबा उघडून पाहिला, घटकद्रव्यांत सोनामुखी पहिलीच आहे. तरीही वैद्याने प्रकृती पाहून दिलेले चूर्ण आणि दुकानातून उचललेला डबा यांत फरक करायला हवा, एवढे माझे म्हणणे मी सोडत नाही.

निवृत्त औषधविक्रेता

त्याला माझी ना नाही.

रसायनाचे मास्तर

विषय निघालाच आहे तर एक जुनी हकिकत सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कली ओळखायला जे फिनॉल्फथॅलिन आपण वापरत होतो, ज्याचा रंग गुलाबी होतो, ते विसाव्या शतकात जगभर रेचक म्हणून विकले जात होते. हंगेरीत हलक्या प्रतीच्या वाइनमध्ये ओळखीसाठी ते मिसळावे अशी कल्पना निघाली, आणि १९०२ च्या सुमारास त्याची तपासणी करताना त्याचा रेचक गुण लक्षात आला. पुढे कित्येक दशके ते चॉकलेटमधूनसुद्धा खपले. मग प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ते बाजारातून काढण्याचा प्रस्ताव मांडला, आणि ते मागे पडले. तेव्हा “पूर्वीपासून चालत आले आहे” हा निर्धोकपणाचा पुरावा मानता येत नाही, हे चूर्णवाल्यांनी आणि गोळीवाल्यांनी सारखेच लक्षात घ्यावे.

नाट्यवेडा

आणि “रात्री घ्या, सकाळी होईल” हाही पुरावा मानू नये. सहा ते बारा तास म्हणजे रात्री उशिरा घेतलेल्या गोळीला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे नाटक गाठण्याची पूर्ण मुभा आहे. ज्यांना सानंद संस्थेच्या नाट्यप्रयोगाला मधली खुर्ची मिळाली आहे त्यांनी आदल्या रात्री नवे रेचक आजमावू नये, ही शेजाऱ्यांच्या वतीने नम्र विनंती.

रात्रपाळीची सिस्टर

मी अनेक वर्षे रुग्णालयात वृद्धांच्या कक्षात काम केले आहे, म्हणून एक गंभीर गोष्ट नोंदवते, कारण ती घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. फार दिवस अडलेला मळ गुदाशयात घट्ट होऊन बसतो, आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत राहतो. कपडे खराब होतात, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे पातळ होते, आणि घरचे लोक समजतात की आईला जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि खडा आणखी पक्का होतो. म्हाताऱ्या माणसाला आधी बरेच दिवस नीट शौचास झालेले नसेल आणि मग अचानक असे झिरपणे सुरू झाले, तर कोणतेही औषध देण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. अशा वेळी इसबगोल देऊ नये, कारण वाट बंद असताना मागून भर घालण्यात अर्थ नाही. बहुधा आधी एनिमा लागतो.

रेचक घेऊच नये अशा खुणाही सांगते. पोटात जोराची कळ, उलट्या, पोट फुगून ताठ होणे आणि वारासुद्धा न सरणे, किंवा दुखणे उजवीकडे खाली सरकून ताप येणे, यांपैकी काही असेल तर आतड्याला अडथळा किंवा अपेंडिक्सची सूज असू शकते. तेव्हा एरंडेल पाजून “पोट मोकळे करू” म्हणणारे अनुभवी नातेवाईक हमखास हजर असतात. त्यांना प्रेमाने बाजूला करावे आणि रुग्णालय गाठावे. मळातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीच्या आसपास अथवा त्यानंतर शौचाची सवय अचानक बदलणे, या गोष्टी औषधाने दाबून ठेवायच्या नसतात. रक्त दिसले की मूळव्याध असेल म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे फार सवय आहे.

पोहेप्रेमी

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून थट्टा बाजूला ठेवतो आणि खरेच विचारतो: रोज झालेच पाहिजे का? मला एक दिवसाआड होते आणि आमचे वडील त्यावरून दररोज चिंता व्यक्त करतात.

रात्रपाळीची सिस्टर

दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सर्व प्रकृतीनुसार ठीक मानले जाते. मळ मऊ असेल, कुंथावे लागत नसेल आणि नंतर मोकळे वाटत असेल, तर एक दिवसाआड होणे हा आजार नव्हे. याउलट रोज होऊनही खड्यांसारखे होत असेल आणि कुंथून घाम फुटत असेल तर ती बद्धकोष्ठताच. वडिलांना चिंता करायला दुसरा विषय द्यावा.

कनाडिया रोडवाली

माझ्या चार वर्षांच्या मुलाला फार खडा होतो आणि तो भीतीने रोखून धरतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यावी असे शेजारच्या काकूंनी सुचवले आहे. द्यावी का?

निवृत्त औषधविक्रेता

नाही. वर सांगितल्याप्रमाणे ती गोळी मोडायचीही नसते. मुलांची मात्रा वजनावर ठरते आणि ती बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी. दुखते म्हणून मूल रोखते आणि रोखल्याने जास्त दुखते, हे थांबवायला पुष्कळदा सौम्य औषध बरेच आठवडे द्यावे लागते, म्हणून त्यात उशीर करू नका.

सातव्या महिन्यातली

गरोदरपणात लोहाच्या गोळीने मलाही हाच त्रास आहे. आजी एरंडेल घ्यायला सांगतात.

रात्रपाळीची सिस्टर

एरंडेल अजिबात नको, त्याने गर्भाशयालाही चालना मिळू शकते. लोहाची गोळी स्वतःहून बंदही करू नका. पुढच्या तपासणीला विचारा. इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज गरोदरपणात सामान्यतः चालते आणि गोळीचा प्रकार बदलूनही काहींना आराम पडतो.

सुदामानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवसांपूर्वी डॉक्टरांकडे जाऊन आलो, आणि येथे वाचलेले फार उपयोगी पडले. चूर्णाचा डबा सोबत नेला होता. डॉक्टरांनी सर्व औषधांची यादी पाहिली. कॅल्शियम कार्बोनेटने बद्धकोष्ठता वाढू शकते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते, आणि सासूबाईंच्या गोळ्यांत मूत्रल (लघवी वाढवणारे) औषधही आहे, ज्यात उत्तेजक रेचकाची भर पडली की रक्तातले पोटॅशियम कमी होण्याची भीती असते, असे त्यांनी समजावले. थायरॉइड, मूत्रपिंड आणि पोटॅशियम यांच्या तपासण्या लिहून दिल्या. मूत्रपिंडाचा अहवाल येईपर्यंत मॅग्नेशियमचे पांढरे औषध नको, असे निक्षून सांगितले. सध्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज १७ ग्रॅम पेलाभर पाण्यातून, आणि चूर्ण बंद.

आता दोन अडचणी आहेत. दुकानात त्याच नावाचे एक भले मोठे पाकीट मिळाले, त्यावर दोन लिटर पाण्यात मिसळा असे लिहिले आहे. आणि दोन दिवस होऊन गेले तरी काहीच न झाल्यामुळे सासूबाईंनी चूर्णाचा डबा पुन्हा फडताळातून काढला आहे.

निवृत्त औषधविक्रेता

ते मोठे पाकीट दुकानात परत करा. ते दुर्बिणीने आतडे तपासण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण कोठा धुऊन काढण्यासाठी असते. घटक तोच असला तरी काम आणि मात्रा निराळी. चिठ्ठीवरची मात्रा आणि डब्यावरची मात्रा जुळते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. सियागंजातली भुसी घ्या की दवा बाजारातली पावडर, हा नियम बदलत नाही.

दुसऱ्या अडचणीसाठी सासूबाईंना एवढेच सांगावे की या पावडरीला तीन दिवसांपर्यंत वेळ द्यायचा असतो, आणि इतकी वर्षे चूर्णाने एका रात्रीत होत असल्यामुळे हा उशीर त्यांना बिघाड वाटणारच. पोट दुखत नसेल, उलटी नसेल, तर थांबावे. तिसरा दिवसही तसाच गेला तर डॉक्टरांना फोन करावा, डबा उघडू नये.

हिरडा-बेहडा

येथे मी काकांच्या बाजूने आहे. दोन्ही एकत्र घेऊ नयेत. त्याऐवजी भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर, पपई, पेरू द्या. गव्हाच्या पोळीऐवजी काही दिवस ज्वारीची भाकरी करून पाहा. मात्र चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगते. रोज थोडा थोडा वाढवा.

रामबागेतले आजोबा

आणि सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर दहा मिनिटे निवांत बसू द्या. घरात पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट ठेवा, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. आमच्याकडे मी हेच करतो. इसबगोलही आता रात्रीऐवजी संध्याकाळी, मोठा पेला पाण्यातून घेतो. औषधविक्रेत्यांनी हात जोडले होते, त्यांचा मान ठेवला.

सुदामानगरकर

पाटाची युक्ती आजच करते. एकच मूळचा प्रश्न राहिला: सवय लागते का? डॉक्टरांच्या खोलीत गर्दी होती, तेव्हा तो विचारायचा राहून गेला.

निवृत्त औषधविक्रेता

पूर्वी असे सर्रास मानले जाई की उत्तेजक रेचकांनी आतडे कायमचे आळशी होते. योग्य मात्रेत घेतलेल्या औषधाने तशी इजा होते याचा भक्कम पुरावा मात्र सापडलेला नाही. सोनामुखी दीर्घकाळ घेतल्यास मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट होते, पण ते घातक नसते आणि औषध सोडल्यावर काही महिन्यांत निवळते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी मिळून जुनाट बद्धकोष्ठतेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शिफारस ठामपणे केलेली आहे, लॅक्ट्युलोज आणि सोनामुखीची सशर्त, आणि बिसाकोडिल थोड्या काळासाठी किंवा अडीअडचणीला वापरावे असे म्हटले आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बिसाकोडिल सलग आठवड्याहून जास्त घेऊ नये, असे वेष्टनावरही असते. म्हणजे भीती आतडे निकामी होण्याची नसून, मात्रा वाढवत नेऊन पाणी आणि क्षार गमावण्याची, आणि बद्धकोष्ठतेचे खरे कारण झाकले जाण्याची आहे.

पावडर सोडायची वेळ आली की ती एका दिवसात बंद करू नये. शौच काही आठवडे मऊ आणि नियमित होऊ लागल्यावर डॉक्टरांना विचारून आधी मात्रा कमी करावी, मग एक दिवसाआड. थायरॉइडचा अहवाल तसा निघून गोळी सुरू झालीच, तर ती सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवावे, म्हणजे एका औषधामुळे दुसरे वाया जाणार नाही.